पहाटे चारची नोंद

"पावसात दर्यात कोण जाता काय गो?" फोनवर आईचा पहिला प्रश्न हाच.

जूनचा शेवट होता. देवगडात होड्या केव्हाच वर ओढून झापांनी शाकारलेल्या, मासेमारी बंद, बंदर ओस. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच पंचांग चालत आलंय: पाऊस लागला की गलबत किनाऱ्याला, नारळी पुनवेला दर्याला नारळ, आणि मगच पुन्हा पाण्यात. आणि मी नेमकी आषाढ शुद्ध पंचमीला निघत होते. तिला समजावलं की विषुववृत्ताच्या खाली मोसम उलटे असतात, दक्षिण पॅसिफिकमध्ये वादळांचे दिवस नोव्हेंबर ते एप्रिल, आणि मे ते ऑक्टोबर हे शिडाचे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिस?" चार, म्हटलं. "चार दिस जमीन दिसाची नाय?" नाही दिसणार. यावर ती बराच वेळ गप्प होती.

जायचं होतं मार्केसस बेटांमधल्या नुकु हिवाहून तुआमोतू बेटांमधल्या फाकारावाला. दोन्ही फ्रेंच पॉलिनेशियात. अंतर साधारण 540 सागरी मैल, म्हणजे हजार किलोमीटर. मी ऑकलंडला राहते, तिथल्या हाउराकी आखातात सुट्टीच्या दिवशी शीड चालवायला शिकले, पण आखातात संध्याकाळी घरी परतता येतं. रात्र काढायची आणि तीही किनारा नजरेआड टाकून, हे कधी केलं नव्हतं. क्लबात ओळख झालेल्या एका वयस्क जोडप्याची 12 मीटरची बोट तिकडे होती. नवरा इंजिन आणि स्वयंपाक सांभाळतो, बोट चालवते ती बाई. वय 66. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख, म्हणून मी तिला मनातल्या मनात तांडेलीणबाई म्हणत असे. रात्रीच्या पाळ्यांना तिसरं माणूस हवं म्हणून त्यांनी मला बोलावलं.

माझे आजोबा गलबतावर खलाशी होते, पुढे तांडेल झाले. मंगळुरी कौलं भरून मुंबईकडे जायचं, परत येताना मिळेल तो माल. त्यांची सगळी वाट किनाऱ्याकिनाऱ्याने. डोंगराचा आकार, देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज, एखादं एकटं ताडाचं झाड, या त्यांच्या खुणा. आम्हा नातवंडांना ते सांगायचे की रात्री काळोखात खुणा दिसत नाहीत तेव्हा जमनीचो वास येता. आम्हाला ती गोष्ट वाटायची, भुताखेतांच्या गोष्टींसारखी. मुलींनी गलबतावर पाय ठेवायचा नाही, हा घरातला नियम होता. मी एकदाही चढले नाही. मी दहा वर्षांची असताना गलबत मोडीत निघालं.

नुकु हिवाच्या तायोहाए बंदरात आठवडाभर तयारी चालली होती आणि माझं अर्धं लक्ष झाडांकडे. पुळणीवर उंडी होती. तीच जाड चकचकीत पानं, खाली तशाच गोल बिया पडलेल्या. पॉलिनेशियात तिला तमानू म्हणतात. एक बी दगडाने फोडून वास घेतला. आजीच्या उंडेल तेलाच्या दिव्याचाच, कडवट आणि जड. जुन्या काळी तिथले लोक उंडी आणि भेंड आपल्या देवस्थानांजवळ मुद्दाम लावत. आणि नीरफणस तर दारोदार. तिथे तो विस्तवात भाजून, कुटून खातात, आणि पूर्वी दुष्काळासाठी जमिनीत खड्डे करून आंबवून साठवत. मी बोटीवर त्याची कापं केली, हळद-तिखट-मीठ लावून, तव्यावर खरपूस. तांडेलीणबाईच्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी आणखी दोन नीरफणस आणून माझ्यासमोर ठेवले. शिवाय हिरवी पपनसं, डोक्याएवढी, गोड, आणि केळ्यांचा एक अख्खा घड. तो खाऱ्या पाण्यात बुचकळून, झुरळं झटकून बोटीच्या मागच्या बाजूला टांगला.

हजारो मैलांवर हीच झाडं कशी, याचं उत्तर सरळ आहे. उंडीच्या बिया पाण्यावर तरंगत जातात, आणि नीरफणस माणसांनी नेला, होड्यांतून, रोपं ओल्या पानांत गुंडाळून. त्या होड्यांना होकायंत्र नव्हतं. कॅप्टन कुक 1769 मध्ये ताहितीला आला तेव्हा रायातेआ बेटाचा नाविक तुपाइआ त्याच्याबरोबर पुढे गेला. त्याने सत्तरहून जास्त बेटं एका नकाशात दाखवली. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. पुढे कित्येक वर्षं विद्वान म्हणत राहिले की ही माणसं वाहवत वाहवत बेटांना लागली असतील. मग 1976 साली माऊ पिआइलुग नावाच्या सातावाल बेटाच्या नाविकाने होकुलेआ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली. एकही यंत्र नाही. नुसते तारे, लाटांची दिशा, पक्षी. महिन्याहून थोडे जास्त दिवस लागले, आणि तो वाद जवळजवळ तिथेच मिटला. वाहवत आले, या शब्दांचा मला फार राग येतो. आजोबांना कुणी असं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

सकाळी आठला नांगर उचलला. दुपारपर्यंत नुकु हिवाचे कडे निळे झाले, मग राखाडी, मग ढग कोणता आणि डोंगर कोणता ते कळेना. तोवर माझ्यात बघायचं त्राणच उरलं नव्हतं. पहिला दिवस आणि पहिली रात्र मी उलट्या करत काढली. ऑकलंडहून स्वतः करून आणलेली आलेपाकाची वडी जिभेखाली धरून कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेच्या, कोपऱ्यात आडवी पडले होते. व्यापारी वारे आग्नेयेकडून पूर्वेकडे सरकलेले, आमची वाट नैर्ऋत्येला, म्हणजे वारा डाव्या कुशीवर. शिडाच्या बोटीला यापेक्षा बरी दिशा नाही. पण लाटही त्याच बाजूने येते, बोट उचलते, जरा पिळते आणि सोडून देते. हे मिनिटाला आठ-दहा वेळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूक लागली तेव्हा कळलं की आपण यातून उठलो. दहीभात नव्हता, पण भात आणि पपनसाच्या फोडी होत्या.

रात्रीच्या पाळ्या अशा: नऊ ते बारा तो, बारा ते तीन ती, तीन ते सहा मी. पाळीवर असताना अंगात लाइफ जॅकेट, कमरेचा पट्टा बोटीच्या कडीला अडकवलेला. एकट्याने कॉकपिट सोडून पुढे जायचं नाही, काही झालं तरी. दर दहा मिनिटांनी सगळीकडे नजर फिरवायची, रडार बघायचं, आणि दर तासाला वहीत नोंद: आपण कुठे आहोत, दिशा, वेग, वारा, वायुभार. शीड वाऱ्याच्या बेतात ठेवलेलं, आणि सुकाणू एका विंडवेनच्या स्वाधीन, म्हणजे मागे बसवलेलं वाऱ्याचं पातं. वीज लागत नाही, थकत नाही. तिच्या दोऱ्या रात्रभर हलक्या कुरकुरत असतात.

वायुभाराने मला त्या दुसऱ्या दुपारी घाबरवलं होतं. दहा वाजल्यापासून आकडा उतरत चाललेला, चारपर्यंत जवळजवळ तीन मिलिबार कमी. शाळेत शिकलो ते असं की वायुभार उतरला म्हणजे वादळ. मी धावत सांगायला गेले. तांडेलीणबाईने वहीची मागची पानं उलटून दाखवली. उष्ण कटिबंधात वायुभार रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. भरती-ओहोटीच म्हणायची, फक्त हवेची. या रोजच्या चढउतारातून जो सुटेल तो दिवस घाबरायचा. मी पानं चाळत बसले. रोज, त्याच वेळी, तोच आकडा. आभाळ श्वास घेतं असं कुणी कवितेत लिहिलं असतं तर वाचून पुढे गेले असते, पण तिथे ते निळ्या शाईत तारीखवार मांडलेलं होतं.

आता त्या चार वाजताच्या नोंदीबद्दल. नुकु हिवाचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेनऊ तास मागे. आपलं साडेपाच तास पुढे. म्हणजे अंतर बरोबर 15 तास. जगात अर्ध्या तासाच्या हिशेबाने चालणारे मुलूख मोजके, आणि त्यातले हे दोन. मिनिटकाटा हलवायला नको. मी पहाटे चारला वही उघडायचे तेव्हा देवगडात त्याच दिवसाचे संध्याकाळचे सात. आई पावसाची झड चुकवत तुळशीपाशी दिवा लावत असणार. आजीही त्याच जागी लावायची. पण आजोबा समुद्रावर असले की एक दिवा जास्त, पडवीच्या टोकाला, कंदिलात. तो आजोबांना दिसण्यासारखा नव्हता; मध्ये टेकडी. मी तिला एकदा तसं सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्यांका दिसूक व्हया म्हणान लावतंय काय?" तेवढंच. कुणासाठी मग, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या रात्री, चारची नोंद व्हायच्या आधी, पूर्वेकडचे तारे विझायला लागले. एकेक नाही, खालून पडदा वर चढावा तसे. रडारवर नारिंगी ठिपका. याला स्क्वॉल म्हणतात, पावसाचा एकांडा ढग, पुढ्यात वारा घेऊन येतो. मला माहीत होतं काय करायचं: तिला उठवायचं आणि शीड आखडायचं. पण ती जेमतेम अर्ध्या तासापूर्वी झोपलेली. कदाचित ढग मागून निघून जाईल. मी पाच मिनिटं थांबले, मग आणखी पाच. मग वारा एकदम गार झाला आणि सतरा नॉटचे, म्हणजे तासाला सतरा सागरी मैलांचे, एकतीस झाले. बोट उजव्या कुशीवर आडवी झाली, खाली भांडी आदळली, विंडवेन हरली आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळायला लागली. शिडांचा फडफडाट असा, की कानाशी कुणी पत्रे आपटतंय. मी हाक मारायच्या आत ती वर आली होती, रात्रीच्या कपड्यांवरच लाइफ जॅकेट चढवून. म्हणाली, "सुकाणू धर, वाऱ्यापासून लांब ने." मी नेलं. तिने पुढचं शीड दोरीने गुंडाळलं, चार मिनिटांत, मुसळधार पावसात. वीस मिनिटांनी पुन्हा तारे आणि आम्ही निथळतोय.

मी माफी मागायला लागले. तिने थांबवलं. "उठवू की नको, हा प्रश्न मनात आला ना, त्याच क्षणी उठवायचं. प्रश्न आला हेच उत्तर." मग टॉवेलने केस पुसले, वेळ बघितली, "तुझी पाळी सहापर्यंत आहे," म्हणाली आणि खाली जाऊन झोपली. खरंच झोपली. दहा मिनिटांत तिचा संथ श्वास वर ऐकू येत होता. माझ्याकडून चूक होऊन तास झाला नव्हता, आणि ती बाई माझ्या भरवशावर डोळे मिटून पडली होती.

मी कॉकपिटमध्ये बसून रडले. भीतीने नाही. माझ्या मनात आजोबा आले, पण तांडेल म्हणून नाही, झोपलेले. इतकी वर्षं त्यांच्या गोष्टी ऐकल्या त्यात ते नेहमी जागे असायचे, सुकाणूवर, डोळे ताणून. पण मंगळूर ते मुंबई कुणी सलग जागं राहत नाही. त्यांच्या झोपेच्या वेळी कुणीतरी दुसरा जागा होता. घरात त्या माणसांचा उल्लेख "बरोबरचे" एवढाच. बरोबरचे चौघे होते, बरोबरच्यांनी सांगितलं. त्यांची नावं आम्ही कधी विचारली नाहीत. त्यातलं एकही मला माहीत नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

तिसरी रात्र शांत गेली. सकाळी डेकवर नऊ उडते मासे पडलेले, त्यातले तीन पोसलेले. तळले. त्या पहाटे उगवतीला कृत्तिकांचा झुबका वर आला. न्यूझीलंडमध्ये त्यांना मातारिकी म्हणतात. आता तिथे त्यांच्या नावाची सार्वजनिक सुट्टी असते. हिवाळ्यात पहाटे त्या पुन्हा दिसल्या की माओरी लोकांचं नवं वर्ष. ध्रुव मात्र या पाण्यात कधीच दिसत नाही. तो क्षितिजाच्या खाली. लहानपणी अढळपद म्हणून ऐकलेला तारा नसलेलं आभाळ बघायला मला दोन रात्री लागल्या.

मार्केसस आणि तुआमोतू यांच्यात एक फरक आहे, आणि तोच या वाटेचा जीव. नुकु हिवा हा उंच, तरणा ज्वालामुखी, 1200 मीटरहून वर. दोन दिवसांच्या उजेडात बघावा असा. तुआमोतू म्हणजे बुडून गेलेले ज्वालामुखी. डार्विनने 1842 मध्ये मांडलं की डोंगर हळूहळू खचतो, आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतो, उजेडासाठी. शेवटी डोंगर जातो आणि नुसतं कडं राहतं, मध्ये खाजण, म्हणजे कड्याने वेढलेलं पाणी. मार्शल बेटांमधल्या एनेवेटाकवर 1952 साली भोक पाडून बघितलं तेव्हा जवळजवळ 1400 मीटर प्रवाळाच्या खाली काळा खडक लागला. इतकं खोल खचूनही वरचं कडं पाण्याबाहेर डोकं काढून होतं.

पण खलाशाला ही कडी जिवावरची. जमीन दोन-तीन मीटर उंच, दिसतात ते माड, तेही आठ-दहा मैलांवर आल्यावर. रात्री काहीच नाही. फ्रेंच दर्यावर्दी बुगनव्हिलने 1768 मध्ये या बेटांना धोक्याचा द्वीपसमूह असं नाव दिलं. पेरूहून निघालेला कॉन-टिकी हा तराफा 1947 साली यांच्यातल्याच रारोइआच्या कड्यावर आपटला. तीन दिवस मी समुद्राला भ्यायले होते. चौथ्या दिवशी तांडेलीणबाई गंभीर झाली, कारण आता जमीन जवळ होती. तिने मला सांगितलं की खोल पाण्यात बोट सुरक्षित असते, तिला तोडतात ते काठ.

म्हणून शेवटच्या संध्याकाळी आम्ही शीड कमी केलं. वारा चांगला, बोट धावायला उत्सुक, आणि आम्ही तिला चार नॉटवर धरून ठेवलं, कारण फाकारावाच्या तोंडाशी उजाडल्यावरच पोचायचं होतं. आजोबांचं भरतीचं गणित मला पाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. मी ते तिला सांगितलं, तिने वहीत उतरवून घेतलं. पण इकडे ते लागू नाही. ताहितीत तर भरती रोज दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास, तिथी कोणतीही असो. तिथे चंद्राची नाही, सूर्याची सत्ता. तुआमोतूत पाणी चढतं-उतरतं ते वीत-दीड वीत, पण दक्षिणेच्या लाटा कड्यावरून आत पडत राहतात, खाजण भरतं, आणि ते सगळं पाणी एक-दोन चिंचोळ्या वाटांनी बाहेर पडतं, नदीसारखं. बाहेरून वारा समोर आला की त्या तोंडात लाटा उभ्या राहतात. मध्ये एक थबकण्याची वेळ असते, ती साधायची. तिने नवमी मुद्दाम निवडली होती. भांगाचे दिवस, ओढ कमी.

सूर्य मावळताना पांढरे कुररी पक्षी दिसले, दोन-दोन, तीन-तीन, सगळे एकाच दिशेने. दिवसभर मासे मारून घरी चाललेले. तिने बोट दाखवलं. "तिकडे काउएही आहे." क्षितिजावर पाणीच होतं.

माझी पाळी तीनला लागली. चंद्र मावळलेला. रडारवर डावीकडे काउएहीची एक पुसट रेघ, बारा मैलांवर, उजवीकडे अराटिका. दोन बेटांच्या मधून चाललो होतो आणि डोळ्यांना एकही दिसत नव्हतं. चार वाजले, वही उघडली, आकडे लिहिले. वायुभार नेहमीच्या जागी उतरलेला. वारा डावीकडून येत होता, मंद, आणि त्यात काहीतरी होतं. आधी वाटलं केळी पिकली. मग पुन्हा आलं. ओला पालापाचोळा, धूर, आणि त्याखाली सुकत घातलेलं खोबरं, जरासं खवट. पावसाच्या आधी माळ्यावर चढवलेल्या सुक्या नारळांचा वास. काउएहीवर खोबरं वाळत घालतात, ते मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की ही जमीन आहे.

उठवू की नको, असा प्रश्न आला. मी तिला उठवलं. ती वर आली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, डोळे मिटून. मग म्हणाली, "हो." आणि नोंदीच्या वहीत माझ्या आकड्यांपुढे शेऱ्याच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: जमिनीचा वास. काउएही. 12 मैल.

उजाडल्यावर समोरच्या ढगाच्या पोटाला हिरवट झाक होती, खाजणाच्या पाण्याची. मग माडांचे शेंडे, पाण्यातच उगवल्यासारखे. साडेनऊला आम्ही गारुआए खिंडीतून आत शिरलो. फ्रेंच पॉलिनेशियातली ही सगळ्यात रुंद वाट, दीड किलोमीटरहून जास्त, तरी कडेला पाणी उकळत होतं. आत आल्यावर मला नाळेवर उभं केलं, प्रवाळाचे खांब बघायला. सूर्य पाठीशी हवा. मग निळं म्हणजे खोल, हिरवं म्हणजे सावध, तपकिरी म्हणजे वळ. रोतोआवा गावासमोर नांगर टाकला आणि साखळीला ठिकठिकाणी मोत्यांच्या शेतीतले जुने बोये बांधले, म्हणजे ती तळाला लोळून प्रवाळात गुंतत नाही, मोडत नाही.

दुपारी बोटीतलं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. तुआमोतू ताहितीच्या वेळेने चालतं.

त्या रात्री पाळी कुणाचीच नव्हती. तरी सवयीने जाग आली. घड्याळात चार. वर आले. पाणी गुळगुळीत, गावात एक दिवा. फोनला रेंज होती. आईने पहिल्या घंटेला उचलला. पोचले म्हटलं. मागे पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"दिवा लावतेयस ना आता?" मी विचारलं.

"खयचो आता? अर्धो तास झालो लावन." मग जरा थांबून, "पडवेतलो पण लावलंय. चार दिस लावतंय."